एक तुटली तर दुसरी

दूध एक वेळ नासेल, पण लाइन तुटणार नाही! हे वाक्य माझं. संचालक मंडळाच्या बैठकीत उभं राहून, टेबलावर मूठ आपटून मी ते म्हटलं होतं. मूठ जरा जोरात बसली आणि तात्यांच्या बशीतला चहा त्यांच्या धोतरावर गेला, पण वाक्य इतकं दणदणीत होतं की तात्यांनी धोतराचं मनावर घेतलं नाही.

तात्या म्हणजे तानाजीराव, केज तालुक्यातल्या आमच्या दूध संघाचे चेअरमन. आणि मी केदारनाथ, संघाचा संगणक विभाग प्रमुख. विभागात मी एकटाच आहे, त्यामुळे माझ्या प्रमुखपणाला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. प्रिंटर रुसला, पासवर्ड विसरला, तात्यांच्या मोबाइलमधून नातवाचा फोटो गायब झाला, की माझ्या नावानं हाक येते.

गेल्या वर्षी संघाचा सगळा कारभार आम्ही क्लाउडवर नेला. म्हणजे आमचं मुख्य मशीन आता संघात नाही, मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीच्या इमारतीत आहे आणि आम्ही ते इथून वापरतो. तात्यांना मी समजावून सांगितलं, की क्लाउड म्हणजे ढग. तात्यांनी खिडकीतून वर कोरड्या आभाळाकडं बघितलं.

"ढगाचा भरवसा बीड जिल्ह्यात कोन धरतो रे?" ते म्हणाले.

पण धरला! आता दूध आलं की डॉकवरचं, म्हणजे दूध उतरवायच्या धक्क्यावरचं, यंत्र फॅट किती, पाणी किती ते मोजतं, मुंबईला कळवतं, मुंबईहून 'पास' असा हुकूम येतो आणि मगच दूध आत ओढणारा पंप सुरू होतो. पंप हातानं सुरू करायची एक कळ पूर्वी होती. पण एका संचालकाच्या मेहुण्याचं दूध त्या कळीवरून गुपचूप आत जायचं, आणि त्या दुधात म्हशीपेक्षा विहिरीचा वाटा मोठा असायचा! तात्यांनी एके दिवशी ती कळच उपटून टाकली. "आता मानसाचा हातच लागायचा न्हाई," म्हणाले.

हाताची भानगड मिटली, पण लाइनीची सुरू झाली. आम्ही साधं इंटरनेट वापरायचो. लग्नसराई आली, की सगळा तालुका व्हिडिओ पाठवायला बसायचा आणि आमचा 'पास' वाटेतच अडकायचा. अशाच एका दिवशी केसरबाईंचं दूध परत गेलं.

केसरबाईंची ओळख करून द्यायलाच हवी, कारण पुढं सगळं त्यांच्याच दुधापाशी अडणार आहे. आमच्यापासून जवळच्याच एका गावात बायकांनी चालवलेली दूध संस्था आहे, तिच्या या अध्यक्षा. गावात दूध थंड करायची सोय नाही. त्यामुळे पहाटे धारा काढायच्या, कॅन पिकअपमध्ये घालायचे आणि ऊन चढायच्या आत संघात पोचायचं, असा त्यांचा नेम. त्या दिवशी 'पास' येईपर्यंत कॅनमधलं दूध नासलं. मग यंत्रानं ते नापास केलं आणि मुंबईनं ते वेळेवर कळवलं!

"सायेब," केसरबाई मला म्हणाल्या होत्या, "आमच्या बायांनी म्हशीला चारा घातलाय, मुंबईला न्हाई. पुन्हा एकदा जरी दूध माघारी आलं, तर संस्था मोडली म्हणून समजा. बाया म्हनत्यात, स्टँडवरचा खाजगीवाला भाव पाडतो, पर माघारी तर धाडत न्हाई."

मला ते फार लागलं. बारा बायांनी उभी केलेली संस्था माझ्या वायरीपायी मोडायची? मी त्यांच्या गावी गेलो, सगळ्याजणींना देवळापुढं बसवलं आणि शब्द दिला, की पुन्हा असं होणार नाही. आपण आता स्वतंत्र लाइन घेणार!

"म्हंजे?" केसरबाईंनी विचारलं.

"इंटरनेट म्हणजे हायवे, मावशी. त्यावर ट्रक, टेम्पो, वराती, सगळंच. आपली लाइन म्हणजे शेतातली स्वतःची वाट. संघातून निघाली की थेट मुंबईच्या मशीनला जाऊन भिडणार. मधे दुसऱ्या कुणाचं पाऊल नाही!"

"आवो, पर शेतातल्या वाटंवरूनच तर सगळी भांडनं हायत की!"

बायका हसल्या. मीही हसलो. हसायला नको होतं.

तर अशी ती लाइन. मी मंडळापुढं मागणी ठेवली ती एका लाइनीची नाही, दोन लाइनींची! दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळे रस्ते. पहिली संघाच्या पुढच्या फाटकातून हायवेच्या कडेनं केजकडं जाणार. दुसरी मागच्या कुंपणातून, शेतांच्या बांधाबांधानं, अगदी उलट्या दिशेनं. एक तुटली तर दुसरी आपोआप काम उचलणार, कुणाला पत्ताही लागणार नाही. आणि साध्या इंटरनेटचं दार मी स्वतःच्या हातानं बंद केलं. मुंबईच्या मशीनपर्यंत आता मोबाइलवरून जाता येत नाही, घरून येत नाही, कुठूनच येत नाही. "चोर सोडा, मी स्वतःसुद्धा बाहेरून शिरू शकत नाही!" असं मी छाती फुगवून सांगायचो. लाइनींची मागणी ठेवली त्याच बैठकीत ती मूठ आपटली होती.

दोन्ही कंपन्यांनी माणसं पाठवली, मोजमापं झाली, नकाशे आले. नकाशे सुंदर होते. एक निळी रेघ पुढून, एक लाल रेघ मागून. मी ते फ्रेम करून टेबलामागच्या भिंतीवर लावले.

चर खोदायचं काम मात्र कंपन्या स्वतः करत नाहीत. त्या ठेकेदार नेमतात. ठेकेदार इथं आला, की त्याला तात्यांचा नियम कळतो: आपल्या शिवारात खोदाई आपलाच माणूस करणार. आणि आपल्याकडं वेळेवर येणारा जेसीबी एकच, गहिनीनाथचा. विहीर असो, पाया असो, पाइपलाइन असो, या पंचक्रोशीत जमिनीत जे काही गेलंय ते गहिनीनाथनं घातलंय. पहिल्या कंपनीचा ठेकेदार त्याच्याकडं गेला. दुसऱ्या कंपनीचा ठेकेदारही त्याच्याकडंच गेला. मला यात काही वावगं दिसलं नाही. माणूस ओळखीचा, कामाला वाघ!

लाइनी सुरू झाल्या. काय सांगू! 'पास' असा यायचा, की दूध ओततानाच पंप घुरघुरायचा. सगळ्यांना सुख झालं. एकट्या तात्यांना झालं नाही.

"केदारनाथ, येवढं मोठं काम केलं आपन, पर दिसत काईच न्हाई," ते म्हणाले. "पान्याची टाकी बांधली तर दिसती. रस्ता दिसतो. ही लाइन जमिनीत. लोकायला दाखवायचं काय?"

"तात्या, काही दिसत नाही, हाच तिचा मोठेपणा आहे."

"मोठेपना आसा झाकून ठिवत न्हाईत. सभासदांचा मेळावा घेऊ. तू म्हनतो ना, एक तुटली तर दुसरी? मंग लोकांसमोर तोडून दाखव!"

आता इथं मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला काय वाटलं सांगू? मला गुदगुल्या झाल्या! मांडव, माइक, पाचशे माणसं आणि माझी लाइन! मी हो म्हटलं.

पहिल्या कंपनीचा जोडारी रामप्रसाद त्या दिवशी मुद्दाम बोलावून घेतला होता. केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा जोडणारा हा माणूस. तोडलेली लाइन कार्यक्रम झाल्यावर त्यानं जोडून द्यायची, असं ठरलं होतं. बेत ऐकून तो जागीच गार झाला.

"साहेब, नुसता प्लग काढा ना! तेवढंच होतं. खरीखुरी कशाला तोडायची?"

"प्लग काढल्याला मागच्या रांगंतल्या मानसाला दिसंल का?" तात्या म्हणाले. "जेसीबी बोलवा!"

एप्रिलची सकाळ. हायवेच्या कडेला, जिथून पहिली लाइन जाते तिथं मांडव. मांडवात मोठा टीव्ही, त्यावर दोन हिरवे दिवे, एकाखाली 'लाइन एक', दुसऱ्याखाली 'लाइन दोन'. समोर गहिनीनाथचा जेसीबी, हळदीकुंकू लावलेला, बकेटला झेंडूचा हार, काचेवर लिंबू-मिरची. पलीकडं डॉकवर दुधाच्या गाड्या लागलेल्या आणि त्यात अगदी पुढं केसरबाईंची पिकअप. त्यांना मीच आग्रहानं बोलावलं होतं. तुमच्याच दुधावर दाखवतो म्हटलं, मावशी! लाइन तुटेल आणि तुमच्या दुधाला कळणारसुद्धा नाही!

तात्यांनी नारळ फोडला. मी माइकसमोर उभा होतो, गळ्यात हार. तेवढ्यात गहिनीनाथ केबिनमधून उतरून माझ्या कानाशी आला.

"सर, जरा एक बोलायचं व्हतं."

मला वाटलं, डिझेलचं काढतोय. दरवेळी ऐनवेळी डिझेलचं काढतो. "नंतर बोल रे!"

"न्हाई, पर सर... तोडायची म्हंजे, समदंच तोडायचं का?"

"समदं! काही कसर ठेवू नको!"

"तुमी म्हनताव तर मंग!" असं म्हणून तो पुन्हा वर चढला. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी मोठा आदर दिसत होता. असं काळीज असलेला साहेब त्यानं पाहिला नव्हता, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

"मंडळी!" मी माइकवर गरजलो. "आता लाइन तुटेल! टीव्हीवरचा एक दिवा लाल होईल! दुसरा हिरवाच राहील! दिवा लाल झाला की टाळ्या वाजवायच्या!"

केसरबाईंच्या बायका डॉकवर कॅन ओतू लागल्या. 'पास' आला. पंप सुरू झाला. मी हात वर केला आणि खाली सोडला. बकेट जमिनीत घुसली, माती उचलली, हारासकट वर आली. कट्कन आवाज झाला.

एक दिवा लाल झाला. टाळ्या! आणि डोळ्याचं पातं लवतंय तोच दुसराही लाल झाला.

दुप्पट टाळ्या!

तात्या उभे राहून टाळ्या वाजवत होते. शिट्ट्या वाजल्या. हलगीवाला सुटला. मी मात्र टीव्हीकडं बघत उभा होतो. डॉकवरचा पंप एकदा खोकला आणि गप्प झाला. पुढच्या कॅनचा 'पास' कोण देणार? मुंबई गेली होती.

"थांबवा! हलगी थांबवा!" मी ओरडलो. लोकांना वाटलं, भाषण आहे. ते आणखी पुढं सरकले.

मी, रामप्रसाद आणि तात्या खड्ड्याकडं धावलो. आत बघितलं. एक जाड नळी फाटलेली. त्या नळीतून एक नाही, दोन काळ्या केबल बाहेर आलेल्या. दोन्ही तुटलेल्या, जुळ्या बहिणींसारख्या एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या.

"गहिनीनाथ!" मी किंचाळलो. "ही दुसरी कुठून आली?"

"दुसऱ्या कंपनीची, सर."

"ती मागच्या कुंपणातून गेलीय ना!"

"जानार व्हती, सर. पर मागं राधाकिशनचा बांध लागतो. त्याचं आन् त्याच्या चुलत्याचं बांधावरून कोर्टात चालूय. म्या जेसीबी घेऊन गेलतो, तर दोघंबी काठ्या घिऊन उभे! आयुष्यात पयल्यांदा दोघं एका बाजूला झाले. म्या म्हनलं, कावून वाद वाढवायचा? पुढली चारी तर आपलीच खांदल्याली हाय. तिच्यातच घातली. एकच नळी, दोन लायनी. सांभाळायलाबी सोपं!"

"अरे पण नकाशा! नकाशात ती मागून आहे!"

"नकाशात हाय की मागून. नकाशाला राधाकिशन कुठं आडवा येतो?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायलाच आलतो की, सर! तुमी म्हनले, समदं तोड, कसर ठिवू नको!"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खड्ड्याकडं बघितलं. खड्ड्यानं कुणाकडं बघितलं माहीत नाही, पण मला त्यात उडी मारावीशी वाटली.

"आता काय?" तात्या हळूच म्हणाले. "दुसऱ्या वाटंनं न्हाई का जाता येत? मोबाइलवरून?"

"नाही, तात्या."

"कावून?"

"मीच दार बंद केलंय."

तेवढ्यात केसरबाई आल्या. त्यांना सांगावं लागलं नाही. पंपाचा आवाज बंद झाला, की त्याचा अर्थ त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळतो. दोन कॅन आत गेले होते, बाकी सगळे पिकअपमध्ये उन्हात उभे होते.

"सायेब," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "तुमी देवळापुढं बसून शब्द दिल्ता."

मला खरंच रडू आलं. पाचशे माणसांसमोर, हार घातलेला माणूस रडायला लागला तर कसा दिसेल, म्हणून मी आधी हार काढला.

"रामप्रसाद," मी म्हटलं, "जोड! पाया पडतो तुझ्या!"

"जोडतो, साहेब. पण मला सावली पाहिजे, वारा नको, धूळ तर अजिबात नको. आणि मी फक्त आमच्या कंपनीची लाइन जोडणार. त्या दुसऱ्या कंपनीच्या तारेला हात लावला, तर माझी नोकरी जाईल."

तात्यांना मी पुढारी म्हणून बऱ्याचदा मनातल्या मनात नावं ठेवली आहेत, पण त्या दिवशी त्यांनी जे केलं ते खरोखर मोठं होतं. "मांडव उचला!" त्यांनी हुकूम सोडला. ज्यानं त्यानं एकेक बांबू धरला आणि अख्खा मांडव चालत चालत खड्ड्यावर आला. खाली राहिले सोफे आणि त्यावरचे पाहुणे, रणरणत्या उन्हात! पाहुण्यांपुढचे दोन कूलर उचलून पिकअपकडं वळवले, कॅनवर ओली पोती टाकली आणि पाण्याचा टँकर शिंपायला लावला. रामप्रसादभोवती बायकांनी पदराला पदर लावून आडोसा धरला. गहिनीनाथ जेसीबी सुरू करायला निघाला, तेव्हा चारपाच जणांनी त्याला अक्षरशः धरून खाली उतरवलं आणि हातात फावडं दिलं.

"हातानं खांद!" तात्या म्हणाले. "आन् हळू!"

दुधाचं काय झालंय ते कळायला मार्ग नव्हता, कारण मोजायचं यंत्रसुद्धा मुंबईला विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. केसरबाईंनी मात्र आपला मार्ग काढला. पाहुण्यांसाठी चहावाल्याची शेगडी पेटलेली होती. त्यांनी कॅनमधलं तांब्याभर दूध घेतलं, पातेल्यात ओतलं आणि उकळायला ठेवलं. चांगलं असेल तर उतू येईल, नासत आलं असेल तर फाटेल.

आम्ही सगळे पातेल्याभोवती जमलो. तात्या वाकून बघत होते. कडेनं बुडबुडे आले. साय थरथरली, फुगली आणि दूध झक्कपैकी वर आलं!

"हाय आजून," केसरबाई म्हणाल्या. "पर लई येळ न्हाई."

लगेच त्यात पत्ती-साखर पडली. दूध फुकट घालवायची आपली रीत नाही. लोक घोट घेत पुन्हा खड्ड्याकडं वळले.

इकडं रामप्रसादपुढं दुसराच पेच उभा होता. दोन्ही केबल सारख्याच काळ्या, एकाच कारखान्याच्या, आणि त्याची कुठली ते ओळखू येईना.

"साहेब, तुम्ही तुमच्या मशीनच्या खोलीत जा. हा लाल उजेडाचा पेन घ्या. लाइन एकच्या टोकाला लावा. इथं ज्या तारेतून लाल उजेड येईल ती माझी. खड्ड्याच्या पलीकडचं, केजकडचं टोक मी केबलवरच्या आकड्यांवरून जुळवतो."

मी पेन घेऊन पळालो. शाळेत असतानाही इतका पळालो नव्हतो. खोलीत शिरलो, कपाट उघडलं. वरची तार लाइन एक, खालची लाइन दोन, हे मी स्वतःच ठरवलेलं. घाम डोळ्यांत उतरत होता, धड दिसत नव्हतं. पेन लावला आणि फोन केला.

"आला उजेड!" रामप्रसाद ओरडला. "धरून ठेवा!"

मी धरून ठेवला. बाहेर काय चाललंय ते दिसत नव्हतं. फोनवरून नुसते आवाज येत होते. "पदर हलवू नगा गं!" "गहिनीनाथ, मागं हो!" मग केसरबाईंचा आवाज, "दुसरं आधन ठिवलंय." मग नुसती टँकरच्या पाण्याची धार ऐकू येत राहिली. मी आमच्या वैजनाथाला नवस बोललो. काय बोललो ते सांगत नाही, फेडायचा आहे अजून.

"उतू आलं!" एकदम गलका झाला. "आजूनबी हाय!"

"जोडलं!" रामप्रसाद म्हणाला. "पेन काढा, प्लग लावा!"

मी पेन काढला, प्लग लावला आणि परत पळालो. टीव्हीपुढं सगळे गोळा झालेले. दोन लाल दिवे. तसेच. मग एक दिवा लुकलुकला. पिवळा झाला. आणि हिरवा!

लाइन दोन.

लाइन दोन! रामप्रसादनं टीव्हीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा टीव्हीकडं. "साहेब," त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता, "तुम्ही कुठली तार धरली होती?"

वरचीच धरली होती, असं मला आजही वाटतं. पण दिवा काही माझं ऐकून लागत नाही. बिचाऱ्यानं एवढा जीव लावून जोडली ती नेमकी दुसऱ्या कंपनीची लाइन! तो डोकं धरून खड्ड्याच्या कडेवर बसला.

तात्यांना या बारकाव्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी झडप घालून माइक उचलला.

"बगा मंडळी! काय म्हनलं व्हतं आमी? एक तुटली! आन् दुसरी चालू! जे बोललो ते करून दाखवलं!"

आणि काय सांगू, त्या टाळ्या! पाहुणे उन्हात भाजून निघाले होते, तरी वाजवत होते. खोटं एकही अक्षर नव्हतं त्यात. पहिली तुटलेली होती, दुसरी चालू होती. मधे काय झालं ते सोडून द्यायचं.

मी मात्र डॉककडं धावलो. केसरबाईंनी पुढचा कॅन यंत्राखाली धरला होता. यंत्रानं मोजलं. मुंबईला विचारलं. हे एवढंसं थांबणं मला किती लांबलचक वाटलं ते माझं मला माहीत. मग पाटीवर शब्द उमटला: पास. पंप घुरघुरला. मी तिथंच, ओल्या फरशीवर, मटकन बसलो. तो घुरघुर आवाज ऐकत बसलो. कसला गोड आवाज होता तो! दुसरा कॅन, पास. तिसरा, पास. बायका ओतत होत्या आणि मी प्रत्येक कॅनला 'आई गं' म्हणत होतो. शेवटचा कॅन आत गेला तेव्हा माझ्या छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. संस्था मोडली नव्हती. शब्द लंगडत का होईना, पोचला होता.

रामप्रसादचंही निभावलं. त्यानं आपल्या साहेबांना फोन लावून खरं काय ते सांगून टाकलं. साहेब आधी खूप तापले. मग म्हणाले, दुसऱ्या कंपनीची लाइन आपल्या माणसानं दुरुस्त केली, हे त्या कंपनीला कळव, त्यांना जरा लाज वाटू दे. रामप्रसाद इतका खूश झाला, की त्यानं गहिनीनाथलाही मिठी मारली. मग पहिली लाइनही जोडली, गहिनीनाथला लांब उभं करून.

तात्यांनी तिथंच जाहीर केलं, की राधाकिशनला आणि त्याच्या चुलत्याला संघात चहाला बोलवायचं आणि दुसरी लाइन मागच्या बांधावरूनच न्यायची. दोघं अजून आलेले नाहीत. एकाच वेळी यायचं नाही, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

त्या दुपारी केसरबाई रिकामे कॅन पिकअपमध्ये चढवून माझ्याकडं आल्या. मी अजून फरशीवरच होतो. त्यांनी माझ्यापुढं चहाचा कप ठेवला.

"सायेब, वाचलं बगा दूध."

"वाचलं, मावशी!" मी म्हटलं. "खरंच वाचलं!"

"मंग उद्याबी आनू ना?"

"आणा की! हे काय विचारणं झालं?"

"न्हाई, लाइन ऱ्हाईल ना उद्या?"

एरवी मी लगेच उठून उभा राहिलो असतो आणि काहीतरी जोरदार बोललो असतो. मूठ आपोआप वळलीसुद्धा. पण डॉकच्या पलीकडं गहिनीनाथ जेसीबीवरचा हार नीट करत होता. मी मूठ सोडली आणि कप उचलला.

"मावशी," मी म्हटलं, "जरा ऊन चढायच्या आधी आणा."